चुका पेरणारे माझे साडू

माणसं जन्मभर चुका टाळायला धडपडतात; चुका करणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे असे गृहस्थ पृथ्वीतलावर एकच, आणि ते नेमके माझे साडू निघावेत हा माझ्या कुंडलीचा दोष. ते लालबागला राहतात आणि गाड्यांमधल्या चिपांच्या सुरक्षिततेवर संशोधन करतात. म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या चिपच्या आराखड्यात मुद्दाम बिघाड घालायचा आणि तो चिपला वेळेत कळतो का, हे बघत बसायचं. ही सवय ऑफिसात राहिली असती तर माझी काही हरकत नव्हती. एकदा त्यांनी घरच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सासूबाईंनी कप निमूट संपवला. "जावयानं केलाय, म्हणून प्यायले," त्या नंतर म्हणाल्या. साडू आनंदानं ओरडले, "बिघाड कळला, पण कळवला नाही! हाच सगळ्यात घातक प्रकार!" टॅक्सीत बसले की ड्रायव्हरला विचारणार, "भैया, ब्रेक के चिप में एक का शून्य हो गया तो?" परळच्या पुलावर आम्हाला दोनदा उतरवण्यात आलं आहे.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. कंपन्या आपले आराखडे कुलपात ठेवतात. त्यामुळे प्रत्येक संशोधक स्वतःच पेपर काढतो, स्वतःच सोडवतो आणि स्वतःला पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळा होतो. साडूंनी तीन वर्षं खपून नमुन्याचे आराखडे, त्यांतले बिघाड आणि कोणता बिघाड घातक, कोणता निरुपद्रवी याची उत्तरं असा संच तयार केला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. "आता सगळ्यांना एकच पेपर!" ते म्हणाले. जगभरचे विद्वान तो घेऊन पुन्हा पैकीच्या पैकी मार्क मिळवू लागले.

मग नागपूरच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. साडूंनी 'निरुपद्रवी' म्हणून नोंदवलेल्या एका बिघाडामुळे ब्रेक उशिरा लागतो, हे तिनं दाखवून दिलं होतं. त्यांचे साहेब म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारून टाका. परदेशातलं तुमचं भाषण तोंडावर आलंय." रविवारी साडू दाढी वाढवून माझ्याकडे आले.

"अहो, त्यावर अजून एकही गाडी धावत नाही ना?" मी समजूत घातली.

"उद्या माझ्या उत्तरावर विसंबून कोणी धाववली तर?"

त्याच संध्याकाळी त्यांनी संचाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: चूक माझी, शोधली हिनं. आणि पुढे तिचं नाव. ज्यांचे मार्क घसरले ते विद्वान खवळले. एकानं तर जुनं उत्तर जास्त सोयीचं होतं, असं लेखी कळवलं. भाषण दुसऱ्याला गेलं.

मे महिन्यात ती मुलगी वडिलांबरोबर प्रभादेवीला दर्शनाला आली आणि तिथून साडूंच्या घरी. मीही तिथेच होतो. एरवी समोरच्याला श्वास घेऊ न देणारे साडू तिच्यापुढे नुसती पोह्यांची बशी सरकवत राहिले. ती पाया पडायला वाकली, तर चटकन दोन पावलं मागे सरले. ती गेल्यावर गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी जवळ गेलो, तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "इतकी वर्षं लिहितोय, पण माझं कोणी एवढं मन लावून वाचलं नव्हतं हो."