जर्मन म्हस

नेव्हीतले दोन पेन्शनर एका बाकावर बसले, की किस्से कसे निघतात ते विचारू नका. एक सांगावा, तर दुसरा पाठीमागून ढकलत येतो! त्यात मीठमसाला किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण खालचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या बोटीवर आपल्या भागातले आम्ही तिघं होतो. मी उंब्रजचा, हंबीर पलूसचा पैलवान आणि बिरू दुष्काळी भागातला मेंढपाळ. भरतीच्या वेळी साहेबानं हंबीरला विचारलं, "पोहता येतं?"

"कृष्णामाईला पूर आला की आमी अंघूळच पल्याड जाऊन करतो!"

साहेबानं तिथल्या तिथं कागदावर शिक्का मारला.

*

बिरूची नजर तिखट, म्हणून त्याला वर टेहळणीला बसवलं. एके दिवशी तो गुपचूप खाली उतरला, पाय न वाजवता अख्खा डेक चालून गेला आणि ऑफिसरच्या कानात कुजबुजला, "साहेब, तिकडं पाणबुडीची नळी दिसतीया."

ऑफिसर उडालाच! "मग वरूनच ओरडला का नाहीस?"

"आवं, लांडगा दिसला की वरडायचं नसतं. मेंढरं बुजत्यात!"

तोवर नळी बुडाली होती. बिरूला भटारखान्यात बटाटे सोलायला धाडलं.

*

ती पाणबुडी साधीसुधी नव्हती. जर्मनीहून आफ्रिकेला वळसा घालून आलेली आणि येता येता मालाच्या बोटी बुडवत आलेली. एका बोटीचे वाचलेले खलाशी आम्हीच पाण्यातून उचलले होते. नुसतं नाक वर काढून डुंबते, म्हणून हंबीरनं तिचं नाव 'म्हस' ठेवलं. आमचे गोरे कॅप्टनसुद्धा ब्रिजवरून ओरडायचे, "म्हस किधर?"

*

मग मुंबईहून बसऱ्याला पलटणीची मोठी बोट निघाली आणि तिची राखण आमच्याकडे आली. बोट आपल्याच माणसांनी भरलेली. कराड, उंब्रज, पलूस... माझा सख्खा थोरला भाऊही त्यात! एक टॉर्पेडो लागला असता, तर आपल्याकडची किती घरं बसली असती! मी पाण्यावरची नजर काढत नव्हतो. आणि भाऊ तिकडून ओरडतोय, "धाकल्या, हळू चालव की रं! लय गचकं बसत्यात!"

जणू त्याची बोटही मीच बैलगाडीसारखी हाकत होतो!

*

या खेपेसाठी बिरूला पुन्हा टेहळणीला चढवलं होतं. वाटेत एका भर दुपारी तो ओरडला. या खेपेला असा, की पलटणीच्या बोटीवरची माणसं जेवणावरून उठली!

कॅप्टननी बोट वळवली आणि आम्ही पिंपाएवढे बॉम्ब पाण्यात लोटत सुटलो. थोड्या वेळानं पाण्यावर तेल आलं, फळ्या आल्या, एक बूटही आला. सगळे टोप्या उडवायला लागले. हंबीर मात्र नव्या पिंपाला हात लावून उभा.

"कुस्ती कुटं झालीया अजून? पाठ न्हाई लागली!"

मी ते कॅप्टनना सांगितलं. "मीही तेच म्हणतोय," ते म्हणाले, "बुडाल्याचं सोंग असतं ते. आणखी टाका!"

पुढच्या धडाक्याला म्हस वर आली, अख्खी! झाकण उघडलं आणि हात वर केलेले जर्मन बाहेर पडायला लागले. पलटणीच्या बोटीवर असा जयजयकार झाला, की काय सांगू! भाऊ वाचला होता. मी कठडा धरून ढसाढसा रडलो.

*

म्हस बुडाली. जर्मनांना आम्ही आमच्या बोटीवर घेतलं. त्यांचा कॅप्टन ओलाचिंब, पण ताठ उभा. शिपाई त्याला खाली कोंडायला निघाले, तेवढ्यात हंबीरनं पुढं होऊन त्याचा हात धरला, उंच केला आणि त्याला घेऊन डेकवर फिरायला लागला. हंबीरच्या गावच्या कुस्तीच्या मैदानात हरलेला गडी तोडीस तोड लढला, तर जिंकणारा त्यालाही सोबत घेऊन फेरी मारतो.

पलटणीला ते सांगावं लागलं नाही. फेरीला वाजवायला हलगी नव्हती, म्हणून पहिलं ताट वाजवलं ते माझ्या भावानं. मग सगळी बोट वाजायला लागली.

आमचे कॅप्टन लालबुंद होऊन धावत आले. "हे काय चाललंय? कैद्याला खाली न्या!"

"साहेब, लय झुंजला गडी. फेरी पुरी हुऊ द्या!"

कॅप्टननी एकदा हंबीरकडं पाहिलं, एकदा त्या जर्मनाकडं. मग टोपी काढून काखेत मारली आणि दोघांच्या मागून चालायला लागले.