वास गाळलेली कविता

मला माझ्या पेशंटांची किळस यायला लागली आहे, हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कांदा चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे कंटाळा आलाय का तुला?"

"कंटाळा नाही रे. किळस."

बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी वीस-बावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डाची डॉक्टर आहे. हे काम मी आपणहून निवडलं. नागपूरला मेडिकलला असताना डिसेक्शन हॉलमधून निघून मी थेट कॅन्टीनमध्ये तर्रीपोहे खायची, आणि बरोबरच्या मुली नाकाला रुमाल लावून बसायच्या. माझं पोट तेव्हा लोखंडाचं होतं.

ते कधी बिघडलं ते मात्र नक्की आठवतं. नोव्हेंबर होता आणि सकाळचा राउंड चालू होता. एका आजोबांनी कवळी काढून चहाच्या कपात ठेवली होती. कपाच्या कडेला कस्टर्डचा पिवळा थर वाळला होता. असं मी हजार वेळा पाहिलेलं. त्या दिवशी मात्र माझ्या घशाशी आलं. तोंडावर हसू ठेवून मी त्यांचं ब्लडप्रेशर विचारलं आणि पुढच्या बेडकडे गेले.

नंतर हे वाढतच गेलं. लघवीचा वास, ओल्या वाइप्सचा वास, जास्त शिजलेल्या कोबीचा वास, आणि या सगळ्यावर सॅनिटायझरचा तो गारढोण वास. बसमध्ये बसले तरी तो कोटातून येत राहायचा. घरी आल्यावर मी हात धुवायची, मग परत धुवायची. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फुटली. वाटीत डाळ हलली तरी मला बेडपॅन दिसायचं. नवरा आपला गुपचूप कोरडी भाजी करू लागला.

पेशंटना हे कळत नसेल असं मी धरून चालले होते. एका सकाळी मी एका बाईंच्या बेडपासून नेहमीपेक्षा हातभर लांब उभी राहिले. नव्वदीच्या पुढच्या, अगदी चिमणीएवढ्या बाई. त्यांनी ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि इथल्या लाडाच्या शब्दाने हाक मारत म्हणाल्या, "सॉरी हं, बॅब. मला वास येतोय ना?"

"नाही, नाही. अजिबात नाही," मी म्हणाले.

येत होता. आणि मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. स्टाफच्या टॉयलेटमध्ये मी कमोडचं झाकण लावून त्यावर वीस मिनिटं बसून राहिले. आता किळस पेशंटची उरली नव्हती, माझी मला येत होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या शरीराला हात लावून पोट भरणारी बाई, आणि एका म्हातारीला तिच्याच अंगाची लाज वाटायला लावते.

मग मी हॉस्पिटलकडे रीतसर मदत मागितली. फोनवर एका सभ्य आवाजाने मला बरेच प्रश्न विचारले. काउन्सेलिंगसाठी चार महिने थांबावं लागेल असं सांगितलं, आणि तोवर म्हणून एक पत्रक ईमेल केलं: दर बुधवारी लंच अवरमध्ये, स्टाफसाठी, 'सर्जनशीलतेतून स्वास्थ्य'.

मी गेले. ट्रेनिंग ब्लॉकमधली एक बिनखिडकीची खोली. वेलबीइंगचं काम पाहणारी एक ऑफिसर तो तास घ्यायची. पिवळा कार्डिगन, मऊ आवाज, टेबलावर गोल गुळगुळीत दगड. आम्ही येण्याआधी ती खोलीत लॅव्हेंडरचा स्प्रे मारून ठेवायची. त्या वासाने मला वॉर्डापेक्षा जास्त मळमळायचं. वॉर्डातला वास निदान खरा होता.

आम्ही चौघं जण होतो. मी, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा एक उंच पोर्टर, एक फिजिओ आणि फार्मसीतली एक मुलगी. दगड हातात धरायचा, डोळे मिटायचे आणि एका झाडाविषयी लिहायचं. कुणी काहीही वाचलं तरी ऑफिसर छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "थँक यू फॉर युअर ब्रेव्हरी." पोर्टरने एकदा लिहिलं की त्याला झाडं विशेष आवडत नाहीत. तेही ब्रेव्ह ठरलं.

तिसऱ्या बुधवारी मी दगड खाली ठेवला आणि मराठीत लिहायला लागले. कॉलेजात असताना मी वृत्तात कविता करायची, त्यानंतर आजवर कधीच नाही. मला कशाकशाची किळस येते त्याची ती नुसती जंत्री होती. कपातली कवळी, नखांखालचा मळ, टाचेवरची जखम. सगळ्यांना कळावं म्हणून मी ती इंग्रजीत सांगितली. फिजिओ एकदम मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. ऑफिसरने छातीवर हात ठेवला.

"फार पॉवरफुल. पण शेवट थोडासा आशेकडे नेता येईल का आपल्याला?"

घरी येऊन मी नवऱ्यापुढे वही आपटली. "आशा हवीये तिला! पुवात आशा!"

त्याने वही उघडून वाचली. तो बँकेत सॉफ्टवेअर लिहितो, कवितेचं त्याला काही कळत नाही. म्हणून त्याने कवितेबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते असं, "हे कडेला लगागा लगागा काय लिहिलंयस?"

मी त्याला भुजंगप्रयात समजावला. लघू, गुरू, गुरू. असं ओळीत चार वेळा. मी बोटांवर मोजत होते आणि सारखी चुकत होते.

"मग मोजायला प्रोग्रॅम लिही की."

"मी?"

"तूच. सुरुवात करून देतो. पुढचं तुझं तू बघ."

आणि खरंच, त्याने तेवढंच केलं. पुढचे कितीतरी शनिवार-रविवार मी डायनिंग टेबलवर त्याचा जुना लॅपटॉप घेऊन बसले. देवनागरीचं एकेक अक्षर सुटं करायचं, मात्रा ओळखायच्या, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायचं. पहिले तीन आठवडे प्रोग्रॅम काहीच्या काही उत्तरं द्यायचा. पण त्याने मला ब्रेव्ह म्हटलं नाही. सातव्या ओळीत चूक आहे, एवढंच सांगितलं. मी सातवी ओळ दुरुस्त केली की अकराव्या ओळीत चूक आहे म्हणायचा. त्या कोरडेपणात मला किती बरं वाटायचं ते सांगता येणार नाही. दोन-दोन तास माझं नाक गप्प असायचं.

'तुझ्या' या शब्दावर गाडी अडली. नियमाप्रमाणे झ्या हे जोडाक्षर, म्हणून प्रोग्रॅम तु गुरू धरायचा आणि ओळ नापास करायचा. मी टेबलाशी बसून मोठ्याने 'तुझ्या, तुझ्या' म्हणत राहिले. तु-वर जोर येतच नाही, तो लघूच. मग अशा शब्दांसाठी वेगळा नियम लिहावा लागला. नवरा दारात येऊन म्हणाला, "कोणाच्या?"

खरी अडचण मात्र दुसरीच निघाली. किळस हा शब्द म्हणजे तीन लघू, आणि भुजंगप्रयातात दोन लघू शेजारी-शेजारी येतच नाहीत. म्हणजे त्या कवितेत मला किळस येते असं म्हणायची सोयच नव्हती. मग वास नेमका कसला, ते सांगणं भाग होतं. आणि ते मला माहीतच नव्हतं, कारण इतके महिने मी मान फिरवत आले होते.

सोमवारी वॉर्डात एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग बदलत होते. मी जवळ गेले, वाकले आणि मुद्दाम श्वास घेतला. ओलं गोणपाट. आत कुजलेलं धान्य. थोडा गोडसर. मळमळलं, पण मागे सरावंसं वाटलं नाही. आजोबांनी विचारलं, "कशी आहे जखम?" मी म्हणाले, "वास येतोय, पण गेल्या आठवड्यापेक्षा कमी." ते म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं वाटलं."

माणसाच्या जखमेपाशी मी एका शब्दासाठी वाकले, हेही काही फार चांगलं नव्हतं. त्याची टोचणी आजही आहे. पण वाकले ही गोष्ट खरी. संध्याकाळी ओळी जमल्या:

कुजावे जसे गोणपाटात दाणे
तसा वास येतो तुझ्या पावलांना

कविता बारा ओळींची झाली. ऑफिसर म्हणाली, स्टाफसाठी एक छोटी पुस्तिका काढतोय, इंग्रजी भाषांतर द्याल का? मी दिलं.

पुस्तिका निघालीच नाही. महिन्याभराने मी एका पेशंटला बघायला इमर्जन्सीच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेले, तर भिंतीवर पोस्टर होतं. सूर्योदयाचा फोटो आणि त्यावर तीन ओळी: मी वाकते, तुझा हात उबदार आहे, सकाळ होते. खाली, आपल्याच एका डॉक्टरच्या लेखणीतून.

सकाळ मी लिहिलीच नव्हती. जखम, गोणपाट, पावलं, सगळं गाळलं होतं. आणि पोस्टरच्या खाली भिंतीला लावून तीन ट्रॉल्या होत्या. वॉर्डात बेड नाही म्हणून माणसं आदल्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये पडलेली. एका ट्रॉलीखाली काठोकाठ भरलेली लघवीची बाटली. ती मी उचलून रिकामी करून आणली, कारण बाकी कुणी थांबत नव्हतं.

ट्रॉलीवरच्या म्हाताऱ्याने पोस्टरकडे बोट दाखवलं. "हे ज्याने लिहिलं त्याला सांगा, कालपासून मी हे एकच वाचतोय. पाठ झालंय."

"मीच लिहिलंय," मी म्हणाले. "पण असं नव्हतं लिहिलं."

"मग कसं?"

मी त्याला गोणपाटाच्या ओळी इंग्रजीत सांगितल्या. तो हसायला लागला आणि हसता हसता खोकला. "मी भाजीच्या घाऊक बाजारात होतो, डॉक्टर. बटाट्याची पोती उचलायचो. अगदी तोच वास. बरोबर धरलात."

एवढी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती. पण ती घेऊन करणार काय? तो माणूस अजून कॉरिडॉरमध्येच होता आणि त्याच्या डोक्यावर माझ्या कवितेच्या नावाने सूर्य उगवत होता. मला जी शिसारी आली तशी कुठल्याही जखमेने कधी आली नव्हती. मी स्टुलावर चढले, पोस्टरचे चारही कोपरे सोडवले, घडी घातली आणि क्लिनिकल वेस्टच्या पिशवीत टाकली. एक नर्स बघत उभी होती. पिशवीचं तोंड तिनेच उघडून धरलं होतं.

दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. खोलीत ऑफिसर आणि तिची मॅनेजर.

"तुम्ही आधी माझ्याशी बोलायला हवं होतं," ऑफिसर म्हणाली.

"तुम्हीसुद्धा."

"लोकांना ते वाचून बरं वाटत होतं."

"कोणत्या लोकांना?"

तिचे डोळे भरून आले. मी एकटीच आहे, म्हणाली. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलसाठी मी, एक टेबल आणि ते दगड. दर महिन्याला काहीतरी भिंतीवर लावून दाखवावं लागतं. मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण तिने तोंड उघडलं की लॅव्हेंडरच यायचं, त्याला काय करू? मी मॅनेजरला विचारलं, कॉरिडॉरमधल्या ट्रॉल्यांचं काय? तिने कागद सारखे केले आणि म्हणाली, तो या मीटिंगचा विषय नाही.

शेवटी तिने माझ्याकडे माफीचं पत्र मागितलं, ते मी लिहिलं नाही. कुणी पुन्हा मागितलंही नाही.

आता आम्ही बुधवारी फिजिओच्या जिममध्ये, व्यायामाच्या सायकलींच्या मधे बसतो. डबे तिथेच खातो. फार्मसीतली मुलगी विणकाम करते. पोर्टर स्वतःची शब्दकोडी बनवतो आणि त्याने मला ती तपासणारा प्रोग्रॅम लिहायला लावलाय, त्यात सध्या ढिगाने चुका आहेत. वाचलं कुणी तर वाचलं. मागच्या आठवड्यात फिजिओने तिच्या वडिलांच्या शेवटच्या महिन्यावर लिहिलेलं वाचलं. भयंकर होतं, आणि एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पोर्टर म्हणाला, "परत वाच." तिने परत वाचलं.