राखलेले दिवस

रुक्मिणीच्या घरात वर्ष सुरू होई ते तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, चुलीसमोरच्या सारवलेल्या जमिनीवर. तिचा नवरा काशीराम पाटावर बसे, ओंजळीतली एकेक सुपारी जमिनीवर ठेवी आणि ठेवताना गावाचं नाव घेई. एक सुपारी म्हणजे एक जत्रा. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत मालवणच्या आजूबाजूला ज्या ज्या देवळात जत्रा भरे, तिथे हे दोघं खाजं घेऊन जात. बेसनाच्या जाड शेवा तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळायच्या आणि कढत असतानाच सुट्या करायच्या, एवढाच त्यांचा धंदा. पण जत्रेहून घरी परतणारं माणूस देवाचा प्रसाद एक वेळ विसरेल, खाज्याची पुडी विसरणार नाही.

सुपाऱ्यांची ओळ सरळ जाई आणि माघापाशी तुटे. तिथे काशीराम वीतभर जमीन मोकळी सोडी आणि जरा बाजूला, पानाच्या तुकड्यावर, एकच सुपारी ठेवी. ती कातळवाडीच्या देवीची. बाकीच्या जत्रा तिथीच्या. कातळवाडीच्या जत्रेला तिथी नव्हती. माघात मानकरी देवीला कौल लावत. देवी ज्या दिवसाला उजवा कौल देई, त्या दिवशी जत्रा. आठवडाभर आधी कळलं तरी नशीब. आणि बाकीच्या साऱ्या वर्षात मिळून जेवढं खाजं खपे, तेवढं त्या एका दिवशी खपे.

"ही जागा अख्खी रिकामी कित्याक सोडतात?" लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी रुक्मिणीने विचारलं होतं.

"रिकामी खंय? देवीची आसा ती."

"देवी एक दिस घेता. तुमी तिका महिनो देतात."

"ती कधी हाक मारतली ता तुका ठाऊक आसा? माका नाय." आणि त्याने पाटाखालून असोला नारळ काढला.

सोललेला नव्हे, सालासकट. मांडणीच्या शेवटी काशीराम तो हातात धरून वर्षाची एकच गोष्ट बोले आणि नारळ पाण्याच्या मडक्यांमागे, ओलसर कोपऱ्यात ठेवून देई. गोष्ट पुरी झाली की शिमग्यात तो फुटे. एका वर्षी नारळावर स्वतःची काहील बोलली गेली, तोवर भाड्याची होती. एका वर्षी पावसात न गळणारं छप्पर. आणि गेली चार वर्षं, काशीरामचा दमा वाढल्यापासून, दरवर्षी नव्या नारळावर एकच गोष्ट: कातळवाडीच्या वडाखालची जागा.

त्या जागेचा नियम होता. सलग पाच जत्रा एकाच ठिकाणी चूल पेटली की ती जागा त्या घराची. मग आजारपण असो की सुतक, मानकरी ती दुसऱ्याला देत नसत. मध्ये एक वर्ष चुकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. चार वर्षं झाली होती. एकोणीसशे एकोणसाठच्या माघात पाचवं पुरं होणार होतं.

त्या वर्षी सुपाऱ्या रुक्मिणीने मांडल्या. काशीरामला आता धुराजवळ बसवत नसे. गेल्या जत्रेत काहिलीपाशी बसल्या बसल्या त्याचे ओठ निळे पडले होते, आणि तेव्हापासून त्याचा श्वास ऐकत राहणं ही रुक्मिणीची सवय झाली होती. कामात असली तरी एक कान तिकडे. तो श्वास लांबला की तिच्या हातातला झारा थांबे. हा माणूस आणखी किती वर्षं जत्रा फिरणार? आणि मी एकटी किती फिरणार?

म्हणूनच दिवाळीत मालवणच्या बाजारातल्या नुरुद्दीनभाईंनी विचारलं, तेव्हा ती थबकली नाही. ते गुळाचे व्यापारी. वर्षानुवर्षं तिचा गूळ त्यांच्याकडूनच यायचा.

"वयनी, लालबागात माज्या मावसभावाचा दुकान आसा. थंयचे चाकरमानी इचारतत, गावचा खाजां खंय मिळता. माघात मेळावो आसा त्येंचो. आगबोटीन डबे धाडूचे आसत. भरून देशात?"

"खंयच्या बोटीन?"

त्यांनी तारीख सांगितली. रुक्मिणीने बोटांवर मोजलं. गेली कितीतरी वर्षं देवी माघाच्या शेवटाला बोलावत आली होती. बोट त्याच्या चांगली आधी. मधले दिवस काशीराम उगाच राखून ठेवायचा. एकदा का मुंबईला माल जायला लागला की घरी बसून, धुराड्याखाली, बाजारातल्या माणसासारखा धंदा करता येईल.

"देतंय," ती म्हणाली.

तुळशीच्या लग्नानंतर तिने मडक्यांमागे दोन नारळ ठेवले. दुसरा ठेवताना काशीरामची पाठ होती. पण त्याला दिसायचं ते दिसलं.

"दोन?"

"एक जागेचो. एक माजो."

तो थोडा वेळ खोकला. मग म्हणाला, "काहील एकच आसा गो."

पौष संपला. घरात काही बदललं नव्हतं, तरी रुक्मिणीची झोप पातळ झाली. सकाळी उठून ती आधी त्या मोकळ्या जमिनीकडे बघे. सुपाऱ्या कधीच उचलल्या होत्या, पण तिला ती वीतभर जागा दिसे, आणि आपण तिथे काहीतरी आणून ठेवलंय हेही दिसे. मेळाव्याचे डबे पत्र्याचं काम करणाऱ्याकडे तयार होत होते. नवा गूळ घाटावरून बोटीच्या आदल्या आठवड्यातच उतरणार होता. त्याआधी डबे भरता येणार नव्हते. जत्रेचा मालही त्याच गुळाचा. देवीने फक्त नेहमीसारखं शेवटाला बोलवावं. आये, शेवटाक बोलव. चालता चालता ती पुटपुटे आणि मग दचके: देवीला दिवस सांगायचा म्हणजे केवढा आगाऊपणा!

सोमवारच्या बाजारात बाबली भेटला. कुडाळकडचा खाजेवाला, वडाखालच्या जागेवर त्याचा डोळा होता आणि तो ते लपवतही नसे.

"काय वयनी! आयकलंय, औंदा मुंबयत जत्रा भरवतात? मगे वडाची सावली ह्या गरिबाक द्या."

"सावलेत बसान तुजां खाजां आणखी नरम पडात रे."

तो मोठ्याने हसला. मग डोकं खाजवत, सहज बोलल्यासारखं म्हणाला, "कौल लागलो. कळला मां?"

रुक्मिणीच्या हातातला आल्याचा गड्डा तसाच राहिला.

त्याने दिवस सांगितला. आगबोटीचाच दिवस होता. गूळ उतरल्यानंतरचे तेच मोजके दिवस आणि काहील एकच; डबे आणि जत्रेचा माल, दोन्ही त्यात होणार नव्हतं.

घरी येईपर्यंत तिच्या पायांना वाट दिसली नाही. काशीराम ओसरीवर बसून शेवेचा सोऱ्या घासत होता. त्यालाही कळलं होतं. अशी बातमी वाऱ्याआधी पोचते. तिने टोपली खाली ठेवली आणि वाट पाहिली, की हा आता बोलेल. मी सांगलेलंय, म्हणेल. त्याने सोऱ्या उन्हाकडे धरून भोकं तपासली.

"तू हय डबे भर," तो म्हणाला. "मी जातंय थंय. चूल पेटवून बसतंय. खाजां थोडा आसला तरी चलात. जागेर धूर दिसलो की झाला."

"आणि दमो?"

"दमो देवीक भियाता."

"गेल्या वर्षी भियाललो?"

अंगणात कोंबडी काहीतरी उकरत होती. रुक्मिणी त्याच्या गळ्याजवळच्या खळगीकडे बघत राहिली. श्वास घेताना ती आत ओढली जाई. तो जाईल. आपण हो म्हटलं तर जत्रेच्या पहाटे चुलीचे दगड घेऊन निघेल. आणि आपण इथे शेवा तळत असू, गूळ ढवळत असू, आणि कुणीतरी धावत येईल. ते धावत येणारं माणूस तिला इतकं स्पष्ट दिसलं, की तिने दाराकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "तुमी नाय."

त्याच पावली ती परत बाजारात गेली. नुरुद्दीनभाईंच्या दुकानात नवे डबे येऊन पडले होते, उन्हात चकाकत. आल्या आल्या बोलून टाकायचं ठरवलं होतं. पण आधी पाणी मागावं लागलं.

"भाई, माज्यान होवचा नाय. देवीन तोच दिस घेतलो."

नुरुद्दीनभाई रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक डबा उचलून उलटा केला, तळ बघितला, परत ठेवला.

"तुमच्या देवीचो दिस ठरलेलो नसता, ह्या माका ठाऊक आसा, वयनी. तुमका ठाऊक नव्हता?"

तिने पाण्याचा गडू खाली ठेवला.

"मी थंय शब्द दिलंय. लोक जमतले. बोट कोणाची वाट बघणा नाय." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "बाबलीक इचारतंय मगे. तेका जत्रा सोडूची लागात, पण तो सोडीत. तेची खंय जागा ठरलेली आसा?"

ती मान हलवून बाहेर पडली.

जत्रेच्या दिवशी पहाटेच बैलगाडी वडाखाली लागली. रुक्मिणीने तीन दगड मांडले, काहील चढवली. काशीरामला तिने वाऱ्याच्या वरच्या अंगाला, देवळाच्या पायरीवर बसवलं होतं. पुड्या बांधायच्या, एवढंच काम. मानकऱ्यांपैकी एक म्हातारा येऊन चुलीकडे, मग तिच्याकडे बघून गेला. "पाचवां मां?" त्याने विचारलं. ती "होय" म्हणाली, आणि तेवढ्याने तिला रडू येईल असं वाटलं; पण पाक तारेवर आला होता.

समोर बाबली बसायचा ती जागा मोकळी होती. दुपारी ओट्या भरायला बायांची रांग देवळाबाहेर गेली, आणि रुक्मिणीला एकदम वाटलं, आता बोट सुटली असेल. कातळवाडीहून समुद्र दिसत नाही, भोंगा ऐकू येत नाही. तरी तिने मान वर केली. तेवढ्यात पाक दाटला आणि एक घाणा दगडासारखा झाला. काशीरामने पायरीवरून पाहिलं. तो घाणा तिने विकला नाही. पोरांना वाटून टाकला.

शिमग्यात एक नारळ फुटला. जागा त्यांची झाली. दुसरा नारळ मडक्यांमागून काढला, तर त्याच्या डोळ्यातून बोटभर कोंब बाहेर आला होता.

"कोंब इलेलो नारळ फोडतत नाय," काशीराम म्हणाला. तिने तो विहिरीच्या मागे, सांडपाण्याच्या वाटेवर पुरला आणि गुरं येऊ नयेत म्हणून भोवती काटे लावले. मग रोज उठून बघू लागली: सुकला तर नाही?

बाबलीचं खाजं मुंबईला आवडलं, हे तिला बाजारात तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं.

पुढच्या दिवाळीत नुरुद्दीनभाई स्वतः घरी आले. बाबलीचा अर्धा माल वाटेत सादळला होता. पाक कच्चा राहिला असणार. "वयनी, औंदा तुमी देशात? बोटीचो दिस…"

"दिस सांगा नको," रुक्मिणी म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "माघ सोडून कधीय मागा. माघातलां कौल झाल्यार सांगीन."

"बोट थांबणा नाय."

"देवीय थांबणा नाय, भाई."

त्यांनी दाढी कुरवाळली, ओसरीवर पसरलेल्या शेवांकडे पाहिलं, आणि "बघतंय," एवढंच म्हणून ते उठले. त्यांची टोपी वळणापलीकडे जाईपर्यंत रुक्मिणी दाराची चौकट धरून उभी होती. हाक मारावी का? आत्ता मारली तर ऐकू जाईल. आत काशीरामचा श्वास लांबला, अडला, परत लागला. तिने हाक मारली नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने सुपाऱ्या मांडल्या. माघापाशी वीतभर जमीन सोडली, थोडी जास्तच. बाजूला पान ठेवलं, पानावर सुपारी. नुरुद्दीनभाईंचा निरोप अजून आला नव्हता. जागा तर मिळाली होती; तिने एकच नारळ हातात घेतला आणि आता काय बोलायचं ते सुचेना, म्हणून बराच वेळ तशीच बसून राहिली.