पांढऱ्या मातीचे पाव्हणे

कुत्र्याला अहो-जाहो करणारी माणसं जगात आणखीही असतील, पण कुत्र्याच्या पुढ्यात दूधभाकरी ठेवून "संकोच करू नका" असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि खोटं कशाला सांगू, तो कुत्रा खरोखरच संकोच करत असे. हा माणूस म्हणजे लातूरचे आमच्या साडूंचे वडील, मी त्यांना काका म्हणायचो. मी तेव्हा नांदेडला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो. म्हशीच्या मालकाचं नाव विचारायचं आणि केसपेपर फाडून द्यायचा, एवढाच माझा जनावरांशी संबंध. पण काकांनी मला पहिल्या भेटीपासून 'डॉक्टर' करून टाकलं. "काका, मी कारकून आहे हो," असं मी दरवेळी म्हणायचो आणि ते दरवेळी म्हणायचे, "असू द्या की. दवाखान्यातच बसता ना? मग झालं तर." त्यांच्या लांब केसांच्या कुत्र्यासाठी ब्रश निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते असं, आणि ते मी इतक्या हौसेनं केलं की आजही आठवलं की जीव कानकोंडा होतो.

भूकंपानंतर अर्धं लातूर कित्येक महिने पत्र्याच्या शेडात निजत होतं. मग हळूहळू धीर करून लोक घरात परतले. काका परतले नाहीत. पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पोरांसाठी खोल्या निघाल्या, तेव्हा बदलीच्या नोकरीवर बाहेरगावी असलेल्या आमच्या साडूंनीही जुन्या घरावर दोन मजले चढवले. हदगावची, किनवटची, अहमदपूरची पोरं तिथं राहून अणुरेणूंची पाठांतरं करू लागली. काका मात्र समोरच्या अंगणात, त्याच शेडात. स्लॅबखाली ते पाऊल ठेवत नसत. पोरांशी सगळा व्यवहार अंगणातून मान वर करून चाले. प्रत्येक मजल्याच्या खिडकीत त्यांनी स्टीलचे पाच-पाच पेले एकावर एक रचून ठेवायला लावले होते. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की सगळ्यांनी अंगणात पळायचं. एखादं पोरगं जोरात शिंकलं तरी पेले कोसळत आणि काका ओरडत, "भाईर निघा! पुस्तकं राहू द्या, भाईर निघा!" मग तीस-चाळीस पोरं बनियनवर अंगणात उभी. मी असताना एकदा असंच झालं, आणि मीसुद्धा तोंडाला दाढीचा साबण असताना त्या रांगेत उभा राहिलो होतो.

कुत्र्याची गोष्ट अशी. काकांची थोरली बहीण औशाच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली होती. तिथली घरं दगडाची, वर पांढऱ्या मातीचं जाड धाबं. काकू लवकर गेल्या, तेव्हापासून ही बहीण दर दिवाळीला लातूरला येई, येताना लुगड्याच्या फडक्यात आपल्या गावची पांढरी माती बांधून आणी, आणि ती कालवून भावाच्या चुलीवर स्वतःच्या हातानं पोतारा, म्हणजे ओल्या मातीचा हात, देई. ती डावखुरी होती. पोतारा नेहमी उजवीकडून डावीकडं ओढायची. "माय लई रागवायची, उलटं पोतारू नको म्हणून," काका सांगायचे. "पन तिचा हात तसाच." भूकंपात ती, तिचे यजमान, तो सगळा वाडाच धाब्याखाली गेला. काका दोन दिवस तिथं ढिगाऱ्यापाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी त्या ढिगामागून हा कुत्रा चालत आला आणि काकांच्या पायाशी बसला. लांब केसांचा, पांढराफेक. तसला कुत्रा त्या गावात कुणाकडंच नव्हता, पंचक्रोशीतही कुणी पाहिला नव्हता. काकांनी मात्र काही विचारलं नाही. बहिणीच्या सासरहून आलेलं माणूस, म्हणून त्याचं नाव पडलं 'पाव्हणे'.

सासरच्या पाव्हण्यांचा मान काय असतो ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. पाव्हणे जमिनीवर बसलेले असतील तर काका खाटेवर बसत नसत. पाव्हण्यांसमोर ते विडी ओढत नसत. थंडीत त्यांना शाल पांघरत आणि "आमच्याकडं जरा गारठाच हाय" म्हणून माफी मागत. मी लातूरला गेलो की मीही पाहुणाच, पण माझा नंबर दुसरा. एकदा एकच गोधडी होती, तर ती पाव्हण्यांना गेली आणि मला काकांचं धोतर मिळालं. हे सगळं मी नांदेडला येऊन बायकोला रंगवून सांगत असे. काही गोष्टी मात्र मी तिला सांगत नव्हतो. पाव्हणे कधी भुंकत नव्हते. एकदाही नाही. जिन्यानं वर-खाली गेले तरी पायाचा आवाज येत नसे, आणि पोरांच्या शिंकेनं पडणारे ते पेले पाव्हण्यांची शेपटी घासून गेली तरी हलत नसत. बारा-तेरा वर्षं झाली तरी ते आले त्या दिवशी जेवढे होते तेवढेच होते. आमच्या डॉक्टरसाहेबांना मी सहज म्हणून वय विचारलं, तर ते म्हणाले, "एवढा जगला असेल तर आता आंधळा आणि पांगळा असेल." पाव्हणे भिंतीवरची मुंगी टिपून बघत.

आणि ती माती. काका रोज दुपारी चारला अंगणात काळं घोंगडं अंथरत, पाव्हण्यांना "या, बसा" म्हणत आणि विंचरायला घेत. ब्रशच्या प्रत्येक फेऱ्याला केसांतून पांढरी माती झरे. पिठासारखी बारीक, न थांबणारी. आंघोळी झाल्या, पावसाळे गेले, तरी रोज माती. केस मात्र एकही गळत नसे. इतक्या वर्षांत त्या ब्रशात मी कुत्र्याचा एक केस पाहिला नाही. वरची पोरं परीक्षेला जाताना पाव्हण्यांच्या डोक्यावर हात ठेवून जात, पेपर सोपा जातो म्हणून, आणि पांढरे झालेले हात पँटीला पुसत सायकलीवर बसत. काका घोंगड्यावरची माती हलक्या हातानं गोळा करून खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. कचऱ्यापर्यंत जायचा आळस, असं मला वाटे. "एकदाची निघाली पायजे ही माती, डॉक्टर," ते म्हणायचे. "बराबर ब्रश गावत न्हाई, म्हनून राहिली." मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, हाच माझा अडाणीपणा.

मी आणलेल्या ब्रशांची यादी केली तर दुकान निघेल. आधी आमच्या दवाखान्यातला खरारा नेला. काका म्हणाले, "हा घोड्याचा. पाव्हनं टांग्याला जुंपलेत का आपन?" मग बारीक दातांची लाकडी फणी नेली. ती पाहून तर त्यांचा चेहराच उतरला. "उवांची फनी? तिच्या सासरी उवा व्हत्या असं म्हननार का तुमी? बेइज्जती झाली की त्यांची." नायलॉनचा गोल ब्रश 'बायकी' निघाला. हैदराबादहून मऊ केसांचा ब्रश आणला, दुकानदार मोठ्या अभिमानानं म्हणाला होता की अस्सल डुकराचे केस आहेत, आणि मी मूर्खासारखं ते काकांना सांगितलं. तो ब्रश त्यांनी चिमट्यानं उचलून परत दिला. या सगळ्या काळात ते वापरत होते तो काकूंचा जुना केसांचा ब्रश, ज्याचे अकरा दात शिल्लक होते. अकरा दातांनी लांब केसांच्या कुत्र्याला विंचरायचं म्हणजे खराट्याच्या एका काडीनं अंगण झाडण्यातला प्रकार. मला हे दिसत होतं आणि त्यावर मी हसतही होतो. माणूस मुद्दाम बोथट ब्रश वापरतो तेव्हा त्याला काहीतरी संपू द्यायचं नसतं, हे मात्र काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

शेवटी डॉक्टरसाहेबांनी मला नीट समजावलं. लांब केस वरवर विंचरून भागत नाही, एकेक थर उचलून मुळापासून विंचरायचे. ब्रश हवा तो रबराच्या गादीत बारीक, टोकाशी वाकलेल्या तारा बसवलेला. तसला ब्रश मी मागवून घेतला आणि गणपतीनंतरच्या एका शनिवारी लातूर गाठलं. काका मांडवातल्या नेत्रशिबिरात डोळे दाखवायला गेले होते. मला वाटलं, येईपर्यंत काम फत्ते करून ठेवू, म्हणजे नाही म्हणायची सोयच नको. घोंगडं अंथरलं. "या, बसा," म्हणालो. पाव्हणे माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग आले आणि बसले. पहिल्या थरालाच मूठभर माती निघाली. मग ओंजळभर. मी घामाघूम झालो, पण हात थांबेना. तासाभरानं पांढऱ्याखालून बदामी रंग दिसू लागला आणि मी चक्क टाळी वाजवली. बारा-तेरा वर्षं सगळे ज्याला पांढरा समजत होते तो कुत्रा बदामी होता! मग माती एकदम थांबली. पुढच्या फेऱ्याला ब्रशात केसांचा एक पुंजका आला, पाव्हण्यांनी अंग झाडलं, शिंकले आणि भुंकले. साध्या, कुठल्याही कुत्र्यासारखे. मी तर खूश. घोंगडं रस्त्यावर नेऊन वाऱ्यावर झटकलं. मग अंगात आलेला उत्साह उतरेना म्हणून खाटेखालचा डबाही ओतला आणि राखेनं लख्ख घासून पालथा घातला.

काका रिक्षातून उतरले तेव्हा बदामी कुत्रा त्यांच्यावर भुंकत होता. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, घोंगड्याकडं पाहिलं, पालथ्या डब्याकडं पाहिलं.

"माती?"

"झटकली. सगळी निघाली, काका! एकदाची."

"कुठं?"

मी रस्त्याकडं बोट केलं. तेवढ्यात कोपऱ्यावरचा शिकवणीचा वर्ग सुटला होता, आणि दोन-तीनशे सायकली घंट्या वाजवत त्या रस्त्यावरून चालल्या होत्या. काका फाटकाशी जाऊन उभे राहिले. शेवटची सायकल जाईपर्यंत उभे राहिले. परत आले ते खाटेवर बसले, पाव्हणे जमिनीवर असतानाही. म्हणाले, "तुमची चूक न्हाई, डॉक्टर. म्याच तसं म्हनत व्हतो." आणि मग त्यांनी मला सांगितलं. वर्षभराची माती साठवून ते भाऊबीजेला चुलीला पोतारा देत. एक हात द्यायचा, शेडाला कडी लावायची आणि घटकाभर बाहेर बसायचं. आत जावं तर चुलीवर दुसरा हात दिलेला असे. उजवीकडून डावीकडं. "दर साली ती माती घेऊन यायची. त्या साली कुत्र्याला पाठवलं," ते म्हणाले. त्या दिवशी मी न जेवता परतीच्या एसटीत बसलो आणि अहमदपूरपर्यंत रडलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, कुणी गेलं का, तर मी हो म्हणालो.

पाव्हणे महिनाभरात म्हातारे झाले. डोळ्यांत पडदा आला, घरभर केस गळू लागले, आणि दसऱ्यानंतर चार दिवसांनी गेले. साडूंनी फोनवर सांगितलं की बाबांनी चूल पेटवणंही बंद केलंय, नुसते तिच्याकडं बघत बसतात. भाऊबीजेला नांदेडला माझ्या बहिणीनं मला ओवाळलं आणि तिच्या हातातलं ताट बघून मला राहवेना. तसाच उठलो. पिशवीत तो तारांचा ब्रश टाकला. का टाकला, मलाही ठाऊक नव्हतं. लातूरला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पोरं सुट्टीला गेलेली, तिन्ही मजले रिकामे, खिडक्यांत पेले रचलेले. काका काळ्या पडलेल्या चुलीसमोर नवा खण मांडीवर घेऊन बसले होते.

मी घोंगडं अंथरलं आणि ब्रश आपटला. काही नाही. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तारांच्या मुळाशी, रबराच्या गादीतून, चिमूटभर पांढरी माती काळ्या घोंगड्यावर पडली. काकांनी ती बोटानं टिपली, थेंबभर पाण्यात कालवली आणि चुलीवर तळहाताएवढा पोतारा दिला. मग आम्ही कडी लावून अंगणात बसलो. वारा नव्हता. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरचे पेले किणकिणले. मग मधले. मग खालचे. पडला एकही नाही. मी उठून पळणार, एवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. इतकी वर्षं शिंकेला पळणारा माणूस जागचा हलला नाही. "बसा," म्हणाले, "आली."

आत चुलीवरच्या ओल्या पांढऱ्या तुकड्यावर दुसरा हात फिरलेला होता. बारीक, सराईत बोटांचा, उजवीकडून डावीकडं. काकांनी खण चुलीपाशी ठेवला. "रागावली न्हाई तुमच्यावर," ते म्हणाले. "पाया पडा. थोरली हाय." मी पडलो. निघताना त्यांनी तो ब्रश माझ्याच पिशवीत घातला. "तुमच्याकडंच असू द्या, डॉक्टर. माज्यानं ऱ्हावनार न्हाई, रोजच आपटीन." त्या वर्षी पहिल्यांदा मी त्यांना म्हणालो नाही की मी कारकून आहे.

पुढच्या दिवाळीआधीच काका गेले. त्या शेडाच्या जागी आता पोरांची अभ्यासिका आहे. ब्रश माझ्या कपाटात असतो, कागदात गुंडाळून. दिवाळीची साफसफाई निघाली की बायको म्हणते, कुत्रा ना मांजर, हा कशाला ठेवलाय, निदान धुऊन तरी ठेवते. मी तिच्या हातातून काढून घेतो. त्यात अजून चिमूटभर असेल, नसेलही. काकांचं काळं घोंगडंही मी आणून ठेवलंय, आपटून पाहायला एक क्षणसुद्धा लागणार नाही. मी अजून पाहिलेलं नाही.