नदीसाठी आणलेली ओटी

अल कुसैस वस्तीतल्या कुठल्याही मराठी घरचा पाहुणा लंडन-अमेरिकेला जाताना दुबईत दिवसभर थांबणार असला, की पहिला फोन सदानंदला जायचा. सकाळी उतरायचं, ट्रान्झिट व्हिसावर शहर बघायचं आणि रात्री पुढचं विमान पकडायचं. एवढ्यात दुबई दाखवावी तर त्यानेच. तसा तो मोठ्या इमारतींमध्ये एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. पण शुक्रवारी सुट्टीला आपली जुनी निस्सान पुसून बाहेर काढली, की तो जणू दुबईचा मालकच व्हायचा.

तो इथे आला तेव्हा शेख झायेद रोडवर एकच उंच इमारत होती, बाकी नुसती वाळू. पुढच्या सगळ्या त्याच्या डोळ्यांदेखत उगवल्या, आणि काहींच्या पोटात तर तो स्वतः डक्ट घेऊन चढला होता. इतकी वर्षं झाली तरी त्याचं स्वतःचं नवल ओसरलं नव्हतं. पाहुण्यांनी कुठे 'बापरे' म्हणायचं हे त्याला पाठ होतं. एखाद्याने नेमकं तिथे जांभई दिली, तर साहेब घरी येऊन जेवणावर राग काढायचे आणि ते बायकोला, विभावरीला निस्तरावं लागायचं.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात मात्र जो पाहुणा आला, त्याच्यासाठी सदानंदने आठवडाभर आधी गाडी धुतली. त्याची आई येणार होती. कुमुदबाई याआधी दोनदा थोरल्या श्रीनाथकडे लंडनला गेल्या होत्या, त्याच्या बायकोच्या बाळंतपणांना. दोन्ही वेळा मुंबईहून थेट, सदानंदच्या डोक्यावरून. त्याने बोलावलं की म्हणायच्या, "तुझं काय रे, तुझं बरं चाललंय." हे त्याला फार लागायचं. आईचा जीव थोरल्यात आहे, आपण मधले कुणीतरी, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. विभावरीशिवाय तो हे कुणाला बोलला नव्हता. आता तिसऱ्या खेपेला तिकीट दुबईवरून निघालं आणि एक दिवस त्याच्या वाट्याला आला. या एका दिवसात आईला असं दिपवायचं, की परतीच्या वाटेवर ती महिनाभर आपल्याकडे राहिली पाहिजे, असं त्याने ठरवून टाकलं.

सदानंदच्या वडिलांना, आप्पांना विमानाचं वावडं, म्हणून कुमुदबाई एकट्याच उतरल्या. हातात कापडी पिशवी, ती काही केल्या सोडेनात. गाडीत मागे ठेवतो म्हटलं, तर "असू दे, काम आहे," एवढंच.

सदानंदने त्यांना समुद्रातलं शिडाच्या आकाराचं हॉटेल दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण काचा पुसायला किती माणसं लागत असतील. शेख झायेद रोडवर त्याने गाडी अगदी हळू चालवली आणि कुठल्या इमारतीचे डक्ट आपले, ते बोट दाखवून सांगितलं. त्यांनी कौतुकाने मान हलवली, पण 'बापरे' काही आलं नाही. सोन्याच्या बाजारात तर त्या दोन दुकानांतच कंटाळल्या. अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडताना मात्र त्या एकदम सावरून बसल्या. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, ओठांना लावलं, आणि चेहरा उतरला. "भरती आली असेल," असं काहीतरी पुटपुटल्या. होडी लागली असेल म्हणून विभावरीने त्यांना लिंबाची गोळी दिली.

जेवणं झाल्यावर सदानंद अगदी पडेल चेहऱ्याने बसला होता. तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "सदा, वाळवंट कधी दाखवणार?"

त्याच्या अंगात पुन्हा वारं भरलं. त्याने सगळ्यांना गाडीत घातलं आणि हत्ता गावाच्या रस्त्याला लागला. तांबूस टेकड्यांपाशी गाडी थांबली तशी त्याची लेक उर्वी धावत वर गेली. कुमुदबाईंनी चपला काढून हातात घेतल्या, विभावरीच्या आधाराने त्या चढल्या आणि वर पोचल्यावर चारी दिशांना वळून पाहिलं. आभाळ टेकेपर्यंत वाळू होती. वारा तिच्यावर रेघा ओढत होता. माणूस नाही, पाखरू नाही. पाहणाऱ्याची छाती दडपावी असंच ते होतं.

"नदी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सदानंद हसला. मग त्यांचा चेहरा पाहून थांबला. त्यांच्या गावी, कऱ्हाडला, वाळवंट म्हणजे एकच, कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळचं. उन्हाळ्यात पाणी आत सरलं की उघडं पडतं, तिथे कलिंगडाचे वेल पसरतात, संध्याकाळी बायका-पोरं जाऊन बसतात. नदीशिवाय वाळवंट असतं, हे त्या गावात कुणाच्या बोलण्यातच येत नाही. आणि इथे आल्यावर पहिल्याच फोनवर सदानंद म्हणाला होता, आमच्या खिडकीतून वाळवंट दिसतं. लेकाला नदीकाठी खोली मिळाली, असं कुमुदबाई त्या दिवसापासून गावभर सांगत होत्या.

"विमानातून पाहिली मी. चांगली वळत वळत गेलेली."

"आई, ती खाडी. समुद्राचंच पाणी आत आलंय. इथे नदी नाही."

"एकही?"

"एकही नाही."

त्या वाळूतच बसल्या. म्हणाल्या, "श्रीनाथ बर्फात राहतो म्हणून जीव टांगणीला लागायचा रे. धावत जायचे. तुझी काळजी नाही केली कधी. म्हटलं, हा नदीकाठी आहे, ती याला काही कमी पडू देणार नाही."

इतकी वर्षं मनात जपलेली अढी अशी एका शब्दावर उभी होती, हे कळल्यावर सदानंदला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

कुमुदबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शहराच्या दिशेने पाहिलं. लांब धुरकट उन्हात त्या उंच इमारती काडीएवढ्या दिसत होत्या. "मग एवढं गाव पितं काय?" त्यांनी विचारलं. समुद्राचं पाणी आत घेतात, मीठ काढून गोडं करतात आणि घरोघर सोडतात, असं त्याने सांगितलं. त्या तिकडे बघतच राहिल्या. सकाळपासून दाखवलेलं त्यांना जणू आत्ता दिसायला लागलं होतं.

मग त्यांनी पिशवी उघडली. आत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. लेकाला सांभाळणाऱ्या नदीची ओटी भरायची म्हणून त्यांनी ती कऱ्हाडहून आणली होती.

"विभा, इकडे ये. तोंड पूर्वेला कर."

"अहो आई, ही नदीची आहे ना?"

"नदीचीच आहे. पसर पदर."

विभावरीने ओढणी पसरली. उर्वी धावत जवळ आली आणि म्हणाली, "आजी, बट व्हेअर इज द रिव्हर?"

"ही काय," कुमुदबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं. "येताना महिनाभर राहते गं इथे. श्रीनाथला मी सांगेन."

परतीच्या वाटेवर रस्त्याच्या मधोमध खजुराची झाडं लागली. कुमुदबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. प्रत्येक बुंध्याशी ती काळी वेटोळी कसली, असं त्यांनी विचारलं. पाण्याची नळी, सदानंद म्हणाला, एकेका झाडाला थेंब थेंब पाणी देते, नाहीतर ही जगायची नाहीत.

"बापरे," कुमुदबाई म्हणाल्या.

सदानंदने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या नळीपाशी वाकून नीट पाहू लागला.