डबा उघडायला माणूस पाहिजे

इकबालभाईंच्या तुरीच्या वरणात मी ग्रीस लावलेले बेअरिंगचे छर्रे सांडले, तिथून आमची ओळख सुरू झाली. माझ्या स्कूटरचं हँडल खोलून त्यांनी ते छर्रे एका झाकणात काढून ठेवले होते. एक वाजला. "बसा एजंटसाब, जेवून घेऊ," म्हणत त्यांनी डबा उघडला, आणि मी बसायला म्हणून जो मागे सरकलो तो झाकणाला कोपर मारूनच थांबलो. विमा विकणाऱ्यानं अपघाताचं प्रात्यक्षिकही सोबत द्यावं, तसं झालं. इकबालभाईंनी वरणात बोटं घालून एकेक छर्रा शोधला, पुसला, परत झाकणात ठेवला.

"सारे भेटले," ते शांतपणे म्हणाले. "वरण गेलं, पण स्कूटर वाचली."

मग माझ्या डब्यातली भाजी आम्ही दोघांनी वाटून खाल्ली.

आर्णीच्या बसस्टँडमागे त्यांचं टपरीवजा गॅरेज. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा इम्रान नागपुरात. स्वयंपाक स्वतःच करायचा, डबा स्वतःच भरायचा. पण तो उघडायचा मात्र कुणाच्या तरी सोबतीनं, हा त्यांचा कायदा. एक वाजता दुकानात जो सापडेल तो पंगतीला. गाडीचा मालक असो, हवा भरायला आलेला असो, नाहीतर नुसता पत्ता विचारणारा. कुणी "जेवून आलो" म्हटलं, तर "मग पाहत बसा" म्हणत आणि त्याच्या हातात अर्धी पोळी ठेवत.

मग बोंडअळीचं साल आलं. कापसाच्या बोंडात गुलाबी अळी शिरली, पीक गेलं आणि आर्णीच्या बाजारातून माणूस निघून गेला. गाडी खडखड करत असली तरी लोक तशीच दामटू लागले. एकदा मी दुपारी चारला गेलो, तर इकबालभाई डब्यासमोर बसलेले आणि डबा बंद.

"जेवला नाहीत?"

"कोणी आलंच नाही."

"अहो, भूक तर तुमची आहे ना?"

"भूक माहीच आहे, पण घास एकट्याच्या घशातून उतरत नाही. आता काय पाना लावून उतरवू?"

हे रोजचंच होऊन बसलं होतं. डबा भरलेला घरी जाई आणि सैल झालेली पँट सुतळीनं बांधावी लागे. त्याच सुमारास मला पेपरात एक बातमी सापडली. जपानमधल्या म्हाताऱ्यांना तिथल्या अभ्यासकांनी काही वर्षं नजरेखाली ठेवलं होतं. घरात माणसं असूनही जे पुरुष एकटेच जेवत, त्यांच्यात मरणाचं प्रमाण जास्त निघालं होतं. धंद्यामुळे मी मरणाच्या बातम्या जरा आपुलकीनंच वाचतो. कात्रण घेऊन गॅरेज गाठलं आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

इकबालभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "एकटा जेवणारा माणूस इतकी वर्षं पाहून राह्यले," ते म्हणाले, "तं त्याच्यासंग जेवाले काहून नाही बसले?"

यावर जपानकडे काय उत्तर असेल, मला ठाऊक नाही.

बापाची तब्येत इम्रानच्या कानावर गेली. त्यानं फोन केला: दुकान बंद करा, नागपूरला या, इथे घरात माणसं आहेत. इकबालभाईंनी शटर ओढलं. मी पुन्हा कात्रण काढलं. "भाई, बातमी नेमकी भरल्या घराचीच आहे. नीट विचार करा."

"माहा पोरगा जपानी आहे काय?" म्हणून ते बसमध्ये चढले.

आता ते परत येणार की नाही, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात. एक वाजला की मी बंद शटरसमोर स्कूटरवर बसून डबा खायचो आणि घास घशातच अडकायचा. हा रोग संसर्गजन्य आहे, हे जपान्यांनी लिहिलं नव्हतं.

पंधरवडा झाला नसेल, शटर अर्धं वर दिसलं.

"फ्लॅट झकास आहे," आत पाने पुसता पुसता ते सांगू लागले. "गुलनार, माही सून, तिच्या हाताले अव्वल चव आहे. पण दिवसा तिची ड्युटी, रात्री इम्रानची; दुपारी तो झोपून राह्यते. सैपाक झाकून ठेवते. मी फ्रीज उघडतो, फ्रीज मले पाह्यते, मी फ्रीजले पाह्यतो. कोण कोणाले वाढणार?"

"मग इम्रानला काय सांगितलंत?"

"सांगतलं, दर इतवारी तूच येत जा जेवाले."

पहिल्याच रविवारी इम्रान आला, बायकोला घेऊन. बाकीचे दिवस माझ्या वाट्याला आले. गिऱ्हाईक अजून म्हणावं तसं परतलेलं नाही, पण एक वाजता माझी स्कूटर गॅरेजसमोर उभी असते. त्यामुळे तिच्यात नवनवे बिघाड सापडतात, ती गोष्ट वेगळी. इकबालभाईंचे गाल भरलेत. माझे तर नको तितके.

परवा जेवताना मला राहवलं नाही. म्हटलं, "भाई, खरं सांगा. जपानच्या हिशेबानं मी तुमचं आयुष्य वाढवतोय, की तुम्ही माझं?"

इकबालभाईंनी माझ्या डब्याकडे पाहिलं.

"आयुष्य राहू द्या, लोणचं इकडे सरकवा."