आईने राखून ठेवलेला मोतीबिंदू

त्या सकाळी नगरच्या प्रयोगशाळेत मी चक्क ओरडले. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यातलं भिंग आम्ही मुद्दाम गढूळ केलं होतं आणि आम्हीच बनवलेल्या रेणूच्या द्रावणात ठेवलं होतं. आदल्या दिवशी त्याच्या खालच्या कागदावरच्या रेघा दिसत नव्हत्या. आज दिसत होत्या! अंधुक, पण दिसत होत्या. मी तशीच हातमोजे काढून राहात्याला आईला फोन लावला.

आई पेरूच्या बागेत होती. मी एका दमात सांगून टाकलं. भिंगातली प्रथिनं वयानं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात, तोच मोतीबिंदू. आणि आमचा रेणू ते गठ्ठे सोडवतो.

“नासलेलं दूध पुन्हा दूध हुतं व्हय?” आई म्हणाली.

“होतंय, अगं! पण आत्ता कुठं बकऱ्यापर्यंत आलोय. माणसाच्या डोळ्यात थेंब घालायला कितीतरी वर्षं लागतील.”

हे शेवटचं तिनं ऐकलंच नाही बहुतेक.

तिच्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, “पिकू दे की अजून.” आमच्याकडे जुनी माणसं मोतीबिंदू पेरूसारखा पिकू देतात. तसं काही नसतं, उलट फार थांबलात तर डोळ्यात दाब वाढून नजर कायमची जाईल, हे डॉक्टर सांगून सांगून दमले.

दिवाळीला घरी गेले, तर आईच्या पाटीत निम्मे पेरू कच्चे. नुसत्या नजरेनं पाड ओळखणारी बाई ती! माझं डोकंच फिरलं.

“अजून किती पिकवणार आहेस?”

“पिकायचं आपलं सांगायला,” ती हळूच म्हणाली. “मी काढून टाकला आन् मागनं तुझे थेंब झाले, तर पैल्यांदा घालशील कुनाच्या डोळ्यात? बकऱ्याच्या?”

मला हसूही आलं आणि रडूही. ही बाई माझ्या औषधासाठी डोळा पणाला लावून बसली होती.

“आई, थेंब यायच्या आत तुझा डोळा जाईल. मोतीबिंदू काढून घे, आणि काढलेला मला दे. मला माणसाचा मोतीबिंदू हवाच आहे.”

“मग आदी बोलायचंस की!”

तिचा मोतीबिंदू इतका कडक झाला होता की अख्खाच काढावा लागला. डॉक्टरांनी परवानगीचे सगळे सोपस्कार केले. टेबलावर पडल्या पडल्या आईनं त्यांना बजावलं, “टाकू नगा हां, लेकीला लागतोय.” तुरीच्या दाण्याएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा तो ऐवज मी जपून नगरला आणला आणि द्रावणात सोडला.

मधला भाग ढिम्म हलला नाही. पण काही दिवसांनी कडेला, अगदी कडेला, खालच्या कागदावरची एक रेघ उमटली. मी लगेच फोन लावला.

“आई, कड निवळली!”

“बाई बाई बाई! माजा निवळला?” ती आनंदानं किंचाळली. मग म्हणाली, “डाव्या डोळ्यात बी धरलाय म्हनत्यात डॉक्टर. त्यो तुला राखून ठिवू?”

“खबरदार! लगेच तारीख घे.”

“घेते की. न्हाई तर तूच हात चालव जरा बिगीबिगी.”